विधी प्रवेशाची तयारी: गुणपत्रिकेपासून क्लॅटपर्यंत

महाराष्ट्रात कायद्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासूनचे, पुण्याचे आयएलएस 1924 चे, कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय 1933 चे. या परंपरेतला फार मोठा काळ असा गेला की कायद्याला प्रवेश घेण्यासाठी वेगळी तयारी करावी लागते, हे कुणाच्या गावीही नव्हते. पदवी हाती आली की गुणपत्रिका आणि दाखला जोडून अर्ज करायचा, यादीत नाव लागले की फी भरून वर्गात बसायचे. नोकरी सांभाळून एलएल.बी. करणाऱ्यांची संख्याही मोठी होती. बार कौन्सिलने 1982 च्या सुमारास बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाट मोकळी केली, तरी आपल्याकडे प्रवेश गुणांवरच होत राहिले. आज चित्र पार पालटले आहे. कायदा शिकायचा तर परीक्षा, तिचा अर्ज, त्या अर्जाची मुदत, कागदपत्रे आणि प्रवेशफेऱ्या यांचा विचार अकरावीतच सुरू करावा लागतो. या चार दशकांचा मागोवा घेताना मला एक गोष्ट ठळकपणे जाणवते. परीक्षा टप्प्याटप्प्याने सुधारत गेली, पण प्रत्येक सुधारणेबरोबर तयारीचा आरंभ अलीकडे ओढला गेला आणि त्यामुळे ज्याला माहिती उशिरा मिळते तो स्पर्धेत उतरण्याआधीच बाहेर पडू लागला.

बदलाची सुरुवात बंगळुरूत झाली. एन. आर. माधव मेनन यांच्या पुढाकाराने तिथे 1987 मध्ये नॅशनल लॉ स्कूल उभे राहिले आणि वकिलीचे शिक्षण म्हणजे दुसरे काही न जमल्यास धरायची वाट, हा समज मोडायला सुरुवात झाली. त्याच धर्तीवर पुढे हैदराबाद, भोपाळ, कोलकाता, जोधपूर, रायपूर आणि गांधीनगर इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे निघाली. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, शुल्क वेगळे आणि तारखा कधीकधी एकमेकींवर येणाऱ्या. ज्या घरात प्रत्येक अर्जाचे आणि प्रवासाचे पैसे सहज निघत, तिथल्या मुलाला सात ठिकाणी नशीब अजमावता येई. बाकीच्यांनी एखाददुसरे ठिकाण निवडायचे. हा प्रश्न 2006 मध्ये याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून 2008 साली सात विद्यापीठांची मिळून पहिली सामाईक परीक्षा, म्हणजे क्लॅट, झाली. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ तेव्हापासून आपली स्वतंत्र परीक्षा घेत आले आहे, पण इतरांपुरता एक अर्ज आणि एक परीक्षा हा मोठा दिलासा होता. तो नाकारण्याचे कारण नाही.

त्या काळातला क्लॅट 200 गुणांचा असे. त्यात सामान्यज्ञानाला 50 आणि कायदेविषयक कलचाचणीला 50 गुण. पुरस्कारांची, नेमणुकांची यादी, घटनेची कलमे, लॅटिन सूत्रे पाठ करणाऱ्याला त्यात चांगला हात मिळे, आणि पाठ करून घेणारे शिकवणी वर्गही लवकरच उभे राहिले. 2015 पासून परीक्षा संगणकावर आली. 2018 मध्ये अनेक केंद्रांवर संगणक अडले, वीज गेली, विद्यार्थ्यांची मिनिटे वाया गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि गमावलेल्या वेळेच्या हिशेबाने सूत्र लावून भरपाईचे गुण देण्याचा तोडगा निघाला. पुढच्या वर्षी विद्यापीठांच्या संघाने परीक्षा पुन्हा कागदावर आणली. 2020 च्या साथीत क्लॅट पुन:पुन्हा पुढे गेला, तेव्हा बंगळुरूच्या विद्यापीठाने सप्टेंबरच्या सुरुवातीला स्वतःची घरबसल्या परीक्षा जाहीर केली आणि अवघ्या काही दिवसांत घेतलीही. घरी वेबकॅम असलेला संगणक आणि खात्रीचे इंटरनेट असेल, असे त्यात गृहीत होते. सर्वोच्च न्यायालयाने 21 सप्टेंबरला ती परीक्षा रद्द ठरवली. या दोन्ही प्रसंगांत न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू सावरली हे खरे, पण न्यायालयापर्यंत जाता आले ते आधीच या स्पर्धेत उतरलेल्यांना.

याच 2020 च्या क्लॅटमध्ये सर्वांत महत्त्वाचा बदल झाला, आणि त्याविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे. प्रश्न 200 वरून 150 वर आले, पुढे 2023 च्या डिसेंबरपासून 120 वर. सुट्या प्रश्नांऐवजी साधारण साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे आले आणि प्रश्न त्या उताऱ्यांवर बेतले गेले. कायद्याच्या विभागात आता कलम पाठ असण्याची गरज नाही. समजा, उताऱ्यात सांगितले आहे की अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक ठरत नाही, मात्र तिला पुरवलेल्या जीवनावश्यक वस्तूंची भरपाई तिच्या मालमत्तेतून मागता येते. खाली प्रसंग असतो: सतरा वर्षांच्या मुलाने हप्त्यांवर महागडा फोन घेतला आणि त्याच दुकानातून थंडीसाठी स्वेटर उधार घेतला, दुकानदाराला काय मागता येईल? विद्यार्थ्याने आपले मत किंवा बाहेरचे ज्ञान बाजूला ठेवून, उताऱ्यातला नियम त्या प्रसंगाला लावून उत्तर द्यायचे. वकिलाचे रोजचे काम हेच आहे. नियम समजून घेणे, तो समोरच्या हकिकतीला लावणे, आणि अपवाद कुठे सुरू होतो ते ओळखणे. परीक्षेच्या गुणवत्तेच्या दृष्टीने हा बदल मनापासून स्वागत करण्यासारखा आहे.

पण 120 मिनिटांत 120 प्रश्न, म्हणजे उताऱ्याच्या वाचनासह प्रश्नाला जेमतेम एक मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. हे सगळे इंग्रजीत. अशा परीक्षेत तर्कबुद्धीइतकाच वाचनाचा वेग मोजला जातो, आणि इंग्रजी वाचनाचा वेग दोन-तीन महिन्यांत येत नाही. पाठांतराची परीक्षा उशिरा सुरुवात करणाऱ्याला थोडीफार तरी भरून काढता येत होती. वाचनाची परीक्षा तशी सवलत देत नाही. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते, ज्या शाळेत ते वाचून घेतले जाते, तिथल्या मुलाची तयारी नकळत आठवी-नववीतच सुरू झालेली असते. परभणी किंवा गडचिरोलीच्या मराठी माध्यमातल्या मुलीला वरचा फोनचा प्रसंग मराठीत दिला, तर ती नियम आणि अपवाद दोन्ही अचूक लावेल. तिला अडवतो तो वेग.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, मग इंग्रजी न येणाऱ्याला प्रवेश देऊन काय साधणार? घटनेच्या 348 व्या कलमाने ती भाषा ठरवली आहे हे मान्यच. पण महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे राज्य शासनाने 1998 मध्येच अधिसूचित केले आहे आणि सामान्य माणसाचा न्यायाशी संबंध येतो तो याच पायरीवर. वादपत्र, साक्षी, सातबाराचे फेरफार, पोटगीचे अर्ज हे सारे मराठीत. शिवाय प्रवेशाच्या दिवशी येणारे इंग्रजी आणि पाच वर्षांनी पदवीच्या दिवशी येणारे इंग्रजी यांत फरक असायलाच हवा, नाहीतर ती पाच वर्षे कशासाठी? वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकीची जेईई मेन या दोन्ही परीक्षा आज मराठीतून देता येतात, आणि त्यांचे पुढचे शिक्षण तर कायद्याइतकेच इंग्रजीवर उभे आहे. क्लॅट भारतीय भाषांमध्ये घ्यावा, ही मागणी करणारी याचिका 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातही गेली. उताऱ्यांच्या भाषांतरात अर्थच्छटा बदलण्याची अडचण खरी आहे, पण हेच काम इतर परीक्षांनी करून दाखवले आहे.

भाषेइतकाच, माझ्या मते काहीसा अधिकच, अडसर वेळापत्रकाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. 2022 च्या जूनमध्ये क्लॅट झाला आणि पुढच्या वर्षाचा त्याच वर्षी 18 डिसेंबरला. तेव्हापासून परीक्षा डिसेंबरातच होते. याचा सरळ अर्थ असा की बारावीचा विद्यार्थी बोर्डाच्या परीक्षेच्या दोन महिने आधी क्लॅट देऊन मोकळा झालेला असतो. अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये खुले होतात आणि दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. आपल्या गावांतून मात्र पुढे काय करायचे हा विचार बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर, मार्चच्या सुट्टीत होतो. त्या मुलाला एप्रिलमध्ये कुणी क्लॅटबद्दल सांगितले तर त्या वर्षाचे प्रवेश केव्हाच मार्गी लागलेले असतात. त्याचे गुण कमी पडत नाहीत, बुद्धीही कमी पडत नाही. त्याला बातमी पाच महिने उशिरा मिळते. परीक्षा लवकर झाल्याने विद्यापीठांना सत्र वेळेवर सुरू करता येते आणि मुलांना बोर्डावर लक्ष देता येते, असे समर्थन केले जाते. ते चुकीचे नाही. पण तारीख मागे आणताना तिची माहितीही तितकीच आधी पोहोचवायला हवी होती, आणि ते काम कुणी अंगावर घेतले नाही.

राज्याची सीईटी हा या कहाणीतला वेगळा आणि शिकण्यासारखा भाग आहे. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशांबाबतचा 2015 चा कायदा झाल्यावर 2016 पासून महाराष्ट्रात विधी प्रवेशासाठी एमएच सीईटी लॉ सुरू झाली, पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अशा दोन्ही अभ्यासक्रमांना. तोवर वेगवेगळ्या बोर्डांचे आणि विद्यापीठांचे गुण एकाच तराजूत टाकले जात, त्यात कुणावर तरी अन्याय ठरलेला असे. जुनी पद्धत सोपी होती म्हणून तिच्याकडे परत जावे, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. सीईटीचा पेपर मराठीतही असतो, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि राज्यातल्या अनेक विद्यापीठांत पुढे उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिता येते. मराठीतून प्रवेशपरीक्षा घेता येते, हे आपल्याच राज्याने सिद्ध केले आहे.

मग मराठी मुलांसाठी सीईटी आहेच, राष्ट्रीय विद्यापीठांचा आग्रह कशाला, असे कुणी म्हणेल. याला उत्तर आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली तिन्ही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे राज्य विधिमंडळाच्या 2014 च्या कायद्याने उभी राहिली, राज्याच्या पैशावर उभी आहेत आणि त्यांत राज्यातल्या अधिवासी उमेदवारांसाठी जागा राखीव आहेत. तरी त्यांचे दार क्लॅटमधूनच उघडते. राखीव जागेचा लाभ अर्ज भरलेल्यालाच मिळतो. वर्षाला दोन लाखांच्या पुढे जाणारी फी ही अडचण आहेच, पण तिच्यावर शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, शैक्षणिक कर्ज असे काही मार्ग तरी आहेत. न भरलेल्या अर्जावर एकही नाही. कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये आयडिया ही चळवळ सुरू केली, ती हीच गोष्ट ओळखून: वंचित घरांतली मुले शाळेतच शोधायची, त्यांना या शिक्षणाची माहिती द्यायची आणि परीक्षेसाठी तयार करायचे. एका चळवळीने जितके होईल तितके झाले. सरकारी यंत्रणेने त्याचा कित्ता गिरवला नाही.

सारे साहित्य आता फुकट मिळते, मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, मग माहिती नाही ही सबब कशी चालेल, हा आक्षेपही तपासून पाहावा. विद्यापीठांचा संघ नमुना प्रश्नपत्रिका उपलब्ध करून देतो, व्याख्याने मोफत सापडतात, हे खरे. पण शोधायचे काय हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती सापडतात. आणि अर्जाची तयारी केवळ अभ्यासाची नसते. क्लॅटच्या अर्जाचे शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 4000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील उमेदवाराला 3500 रुपये. निकालानंतर समुपदेशनासाठी आणखी मोठी रक्कम आगाऊ भरावी लागते. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीत अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, एक वर्ष मोडले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र, ही सगळी चळत लागते. नॉन-क्रीमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते, वैधता समितीचा दाखला महिनोन्‌महिने रखडू शकतो आणि बारावीचा निकाल लागल्यावर सेतू केंद्रासमोर रांग लावणाऱ्या मुलाला तो वेळेत मिळेलच, याची हमी नसते. वडील तहसीलमध्ये ओळख ठेवून असतील तर हे सहज होते. पहिल्या पिढीतल्या मुलाला कुणीतरी वेळेवर सांगावे लागते.

म्हणून कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि वर्गशिक्षकांना एक विनंती आहे. विज्ञान शाखेच्या फलकावर नीट आणि जेईईच्या तारखा लागतात, तशा कला आणि वाणिज्य शाखेच्या फलकावर जुलैतच क्लॅटची आणि राज्य सीईटीची सूचना मराठीत लावा. वैधतेचा अर्ज अकरावीतच करायला सांगा, रोज अर्धा तास इंग्रजी संपादकीय वाचून घ्या, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कुणाचा अर्ज भरायचा राहिला आहे ते वर्गात विचारा.