उजेडाचा हट्ट : मार्गारेट बर्क-व्हाइट

वितळलेले पोलाद डोळ्यांना लालभडक दिसते. पण १९२० च्या दशकातल्या फिल्मला लाल रंग जवळजवळ टिपताच येत नसे. क्लीव्हलँडच्या ओटिस पोलाद कारखान्यात रात्रीमागून रात्री भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइटच्या हाती सुरुवातीला काळ्याठिक्कर प्रिंटच आल्या. अखेर सिनेमावाले वापरत त्या मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून तिने पोलादाचा रस पकडला. हवा तो उजेड मिळाल्याशिवाय जागचे हलायचे नाही, हा तिचा हट्ट पुढे जन्मभर टिकला.

तिचा जन्म १९०४ चा, न्यूयॉर्कमधला. वडील छपाईयंत्रांचे अभियंते. त्यांच्यामुळे ओतशाळा तिने लहानपणीच पाहिली होती. ओटिसची छायाचित्रे पाहून प्रकाशक हेन्री ल्यूसने तिला ‘फॉर्च्यून’ या आपल्या मासिकासाठी बोलावले. २३ नोव्हेंबर १९३६ ला त्याच्याच ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर तिने टिपलेले माँटानातले फोर्ट पेक धरण होते. संपादकांची अपेक्षा बांधकामाच्या चित्रांची. तिने मात्र मजुरांच्या वस्तीतले दारूचे गुत्ते आणि तिथली माणसेही आणली, आणि अंकाची पहिली चित्रकथा तीच ठरली.

१९३७ च्या जानेवारीत ओहायो नदीला महापूर आला. लुइव्हिल शहरात मदतीसाठी कृष्णवर्णीय पूरग्रस्तांची रांग लागली होती. हातात बादल्या, टोपल्या. पाठीमागच्या भल्यामोठ्या जाहिरातफलकावर मोटारीत बसलेले हसरे गोरे कुटुंब, अगदी कुत्र्यासकट, आणि वर ‘जगातील सर्वोच्च राहणीमान’ अशी घोषणा. तिच्या साऱ्या कामात हे छायाचित्र फार वरचे. इथे तिला वेगळा उजेड पाडावा लागला नाही. कुठे उभे राहायचे ते अचूक कळले, एवढे पुरले.

दुसऱ्या महायुद्धात ती बॉम्बवर्षाव चालू असताना मॉस्कोत होती, उत्तर आफ्रिकेकडे जाताना तिचे जहाज टॉर्पेडोने बुडाले, आणि एप्रिल १९४५ मध्ये ती नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत पोहोचली. तिथे कॅमेऱ्याचा पडदा मध्ये होता म्हणूनच आपण समोरचे दृश्य पाहू शकलो, असे तिने नंतर लिहिले.

१९४६ मध्ये ती गांधीजींकडे गेली, तेव्हा आधी सूत कातायला शिका, अशी अट सचिवांनी घातली. ती शिकली. गांधीजींचा मौनवार असल्याने बोलायचे नव्हते, आणि कृत्रिम उजेड त्यांना नकोसा. बऱ्याच विनवण्यांनंतर तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्यावर चरख्यामागे वाचत बसलेले गांधीजी उमटले. आपल्याकडे घरोघरी ओळखीचे झालेले ते हेच चित्र.

या हट्टाची दुसरी बाजूही सांगायला हवी. फाळणीच्या वेळी तिच्यासोबत ‘लाइफ’ची वार्ताहर ली आयटिंगन होती. मनाजोगे चित्र मिळेपर्यंत मार्गारेट निर्वासितांना पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालत यायला लावी, असे लीने पुढे सांगितले. भेदरलेल्या, थकलेल्या माणसांत नाही म्हणायचे बळ नव्हते. फाळणीची वेदना जगापुढे गेली ती याच छायाचित्रांतून, हे खरे. त्या माणसांना पडलेले ते जादा फेरेही तितकेच खरे. चित्राच्या मोठेपणाने त्यांची भरपाई होत नाही.

३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या काही तास आधी, तिने गांधीजींची मुलाखत घेतली. पुढे दक्षिण आफ्रिकेत ती सोन्याच्या खाणीत खोलवर उतरली, कोरियाच्या युद्धावर गेली. मग कंपवाताने हात आणि चाल दोन्ही अडखळू लागली. मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या. १९५९ मध्ये ‘लाइफ’ने तिच्या या झुंजीची चित्रकथा छापली, तेव्हा कॅमेरा तिचा सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टाट याच्या हाती होता. चार वर्षांनी तिचे आत्मचरित्र आले. १९७१ मध्ये कनेक्टिकटमध्ये तिचे निधन झाले.