बोरिवलीतला एक दिवस

श्रोतेहो, कामानिमित्त मुंबईस येणारी खेड्याकडची मंडळी राणीचा बाग पाहतात, चौपाटी पाहतात, नि परततात. बोरिवली, मुलुंड ही त्यांच्या लेखी नुसती गाडीवरची पाटी. आज आपण बोरिवलीला उतरू.

दिवस मात्र दिवाळीचा धरा. त्या सुमारास उपनगरांतून ‘दिवाळी पहाट’ म्हणून गाण्याच्या मैफली होतात. पहाटेच का? आपल्या रागसंगीताने अहोरात्राचे आठ प्रहर वाटून घेतले आहेत. भैरव, तोडी सकाळचे. मालकंस, दरबारी रात्रीचे. पूर्वी मैफल रात्रभर चाले नि भैरवीने उजाडे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा कर्णा बंद झाला. काही थोड्या दिवसांची सवलत आहे, तेवढीच. परीक्षेच्या दिवसांत तो नियम मलाही गोड वाटतो, खोटे कशाला बोलू! परंतु मैफली संध्याकाळच्या दोन-तीन तासांत आखडल्या, आणि तोडी ऐकायची तर भल्या सकाळी उठणे आले.

गाणे आटोपले की पश्चिमेला मंडपेश्वरची लेणी गाठा. आत भिंतीवर नाचणारा शिव आहे. हात-पाय झिजलेले, मोडलेले. तरी कमरेचा झोक पाहा, ठेका कळतो. पोर्तुगीज अमदानीत इथे ख्रिस्ती देवालय झाले. त्या इमारतीचे भग्नावशेष वर अजून उभे आहेत.

पूर्वेकडच्या राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली त्यांची चित्रे आता शहरात चौकटीत बसून विकली जातात. जिव्या सोमा मशे यांना या चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत माणसांचे वेटोळे दिसते ना, त्याच्या मधोमध तारपेवाला असतो. तारपा म्हणजे सुकवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालांत हवा धरतो नि नाकाने श्वास घेतो. म्हणून सूर तुटत नाही. त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांचे पाऊल बदलते. भातकापणी झाली की याचे दिवस, म्हणजे तीच दिवाळी.

गुरुजनहो, आता तुमच्यासाठी एक गोष्ट. माझ्या वर्गात जव्हारकडचा एक मुलगा होता. तारप्याविषयी मी तासभर बोललो, तो खाली मान घालून बसला. तास संपल्यावर हळूच म्हणाला, “सर, आमचे आजोबा वाजवतात. पण इथं सांगायचं कसं?” मी ओशाळलो. मी पुस्तकातून सांगत होतो, नि ज्याच्या घरी ते वाद्य खुंटीला टांगलेले, तो लाजत होता. स्नेहसंमेलनाला त्याने आजोबांनाच आणले. मुलांनी आधीच टाळ्या सुरू केल्या. म्हातारबाबा हात वर करून म्हणाले, “टाळ्या राहू द्या रं. आधी एकमेकांना धरा!”