लडाखच्या आधी सिद्धेश्वर

हिंगोली-परभणीकडच्या पोरांचं मोटारसायकलवरच्या सहलीचं स्वप्न बहुधा थेट लडाखपासूनच सुरू होतं. मोबाइलवर पाहिलेला खारदुंगला, गाडीला लटकवलेले पेट्रोलचे डबे, महागडी बुलेट नाहीतर हिमालयन. मग गाडीसाठी पैसे नाहीत म्हणून सगळं राहून जातं, किंवा गाडी आली की सराव नसताना पहिल्याच फेरीत पाचशे किलोमीटरचा बेत ठरतो. खरं तर दारात उभी असलेली स्प्लेंडर पहिल्या सहलीला पुरून उरते. तिची उणीव एवढीच, की ओव्हरटेकला वेळ लागतो. नवशिक्याच्या बाबतीत तोही गुणच म्हणायचा.

हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटर. तिथून पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण, पुढे येलदरी, जिंतूर आणि संध्याकाळच्या आत घर. सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात जमणारा हा फेरा नवख्यासाठी उत्तम आहे. कारण यात महामार्ग आहे, गावरस्ते आहेत आणि मराठवाड्यातल्या रस्त्यांवर जे जे आडवं येतं तेही सगळं आहे.

निघण्याआधी पाण्याची बातमी घ्यावी. येलदरी धरण वर, परभणी जिल्ह्यात. सिद्धेश्वर त्याच्या खाली, औंढा तालुक्यात. येलदरीला वीज तयार करून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरात अडवतात आणि तिथून ते कालव्याला जातं. पावसाळ्यात धरणं भरून दरवाजे उघडले, की पूर्णेला पूर येतो आणि काठच्या रस्त्यांवरचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जाऊ शकतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर आहे की घोटाभर, याचा अंदाज घेत बसू नये, गाडी वळवावी. नव्या माणसासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

पण या दिवसांतही रस्ता मोकळा नसतो. सोयाबीनच्या सुगीत शेंगा नाहीतर भुसा डांबरावर पसरलेला सापडतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून काळी माती रस्त्यावर येते आणि दोन थेंब पडले की तिचा साबण होतो. अशा जागी वळणावर ब्रेक दाबला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. वेग आधीच, गाडी सरळ असताना कमी करायचा आणि त्या पट्ट्यावरून हँडल न वळवता, पुढचा ब्रेक न दाबता, हलक्या गॅसवर निघून जायचं.

एरवी मात्र पुढच्या ब्रेकला घाबरून चालत नाही. आपल्याकडे अनेक जण वर्षानुवर्षं फक्त पायाचा ब्रेक वापरतात. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम तेच करतं. दोन्ही ब्रेक एकदम, पण दाब वाढवत वाढवत लावायचा सराव रिकाम्या मैदानावर तासभर केला, तर तो महागड्या जॅकेटपेक्षा जास्त उपयोगी पडतो. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, घरातल्या जुन्या गाडीला ते नसतं. तिथे सगळी भिस्त हातावरच.

आता थोडं गणित. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. वसमतकडे ऊसतोडीच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर पुढे असला आणि तो दिसून ब्रेक लागेपर्यंत सेकंद गेला, तर ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन ट्रॉल्यांइतकं अंतर तिथेच संपलेलं असतं. वेग 60 वरून 80 वर नेला, की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारं अंतर पावणेदोन पटीहून जास्त होतं. म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा पहिल्या वर्षाचा नियमच करावा.

लांब जाण्याचं या मातीला वावडं नाही, हेही सांगायला हवं. नरसीचे संत नामदेव पायी पंजाबात गेले, घुमानला राहिले; 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलनही तिथे भरलं. औंढ्याला नागनाथाच्या देवळाच्या मागच्या बाजूला असलेला नंदी पाहायला आणि नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा ऐकायला अर्धा तास काढावा. तेवढ्यात पाठीलाही आराम मिळतो.

सामानाचा सोस मात्र नको. आयएसआय हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावून. आत जाड रुमाल गुंडाळला तर ते नीट बसत नाही. बांधलेल्या पिशवीचा बंद किंवा गमछ्याचं टोक मागच्या चाकाकडे लोंबता कामा नये. जादा ट्यूब, क्लचची वायर, पाणी. पैसे आणि कागदपत्रं गाडीच्या बॅगेत नव्हे, अंगावर. मुंबईहून मोटारसायकलवर इंग्लंड गाठलेल्या योगेश आळेकरी यांची गाडी ऑगस्ट 2025 मध्ये नॉटिंगहॅमला चोरीला गेली, तेव्हा पासपोर्टही तिच्यासोबत गेला होता.

परत आल्यावर चेन ढिली झाली का, टायरमध्ये खडा रुतला का ते बघावं आणि दुखतंय कुठे तेही. मनगट दुखत असेल तर हँडल फार आवळून धरलं होतं. ती सवय सुटली, की पुढच्या खेपेला जिंतूरहून मंठ्यामार्गे लोणार.