जमाखर्चाच्या कागदांतील आंकडे व संगणकाचे पूर्णांक

जुन्या कीर्दी व खतावण्या टंकलिखित करून त्यांतील रकमांची बेरीज संगणकाकडून करून घेणें आतां सुलभ झालें आहे. परंतु कागदावरील आंकडा व संगणकाचा पूर्णांक या दोन भिन्न वस्तु आहेत. टंकलेखनानंतर संगणकापाशीं असते ती केवळ चिन्हांची एक ओळ. तिचा पूर्णांक बनविणें हें स्वतंत्र काम होय. तें अविचारानें केल्यास चूक कोणाच्या दृष्टीस न पडतां बेरजेंत शिरते, आणि तेथून छापील लेखांत जाते. म्हणून या कामाची रीत येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम एक अनुकूल गोष्ट. पायथन या संगणक-भाषेंतील ‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंक जसेच्या तसे वाचते. ‘१२५३७५’ ही ओळ दिली असतां सव्वा लक्ष तीनशें पंचाहत्तर ही संख्या बरोबर मिळते. मोडी लिपीस २०१४ सालीं युनिकोडांत स्थान मिळालें. त्या लिपीचे अंकहि ही आज्ञा ओळखते. मात्र ‘१,२५,३७५’ अशी स्वल्पविराम असलेली ओळ दिल्यास ती चूक दाखवून थांबते. जावास्क्रिप्ट भाषेंतील ‘पार्सइंट’ या आज्ञेची गोष्ट निराळी आहे. हीच रक्कम इंग्रजी अंकांत दिली असतां ती पहिल्या स्वल्पविरामापाशीं वाचन सोडते व १ एवढेंच उत्तर निमूटपणें देते. आमच्या मतें चूक दाखवून थांबणारी आज्ञाच संशोधकाच्या उपयोगाची.

अडचण आली कीं अंकांखेरीज सर्व चिन्हें गाळून टाकावीं असा मोह होतो. हाच मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. रुपये, आणे व पै या क्रमानें लिहिलेली १,२५,३७५-१२-६ ही रक्कम घ्या. चिन्हें गाळतांच तिचे १२,५३,७५,१२६ होतात! १०-१-११ व १०-११-१ या दोन निराळ्या रकमा. गाळल्यावर दोहोंचेहि १०१११ होतात, आणि मग मूळ रक्कम कोणती हें कोणासहि सांगतां येत नाहीं. तसेंच १२॥ म्हणजे साडेबारा रुपये. त्यांतील दंड गेले कीं आठ आणे बुडाले.

योग्य रीत अशी. प्रथम सर्वांत लहान नाणें ठरवावें. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू होण्यापूर्वीं रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत असत. सर्व रकमा पैंत आणल्या कीं अपूर्णांकाचा प्रश्नच उरत नाहीं. नंतर ओळ आडव्या रेघांपाशीं तोडून तिचे तीन भाग करावे. रुपयांच्या भागांत शेवटच्या तीन अंकांपूर्वीं एक व त्याअलीकडे दर दोन अंकांपूर्वीं एक असेच स्वल्पविराम आहेत, हें पाहूनच ते काढावे. ‘१,२५,३७’ असें आढळल्यास एखादा अंक सुटला असण्याचा संभव आहे. आणे १५ हून व पै ११ हून अधिक नसाव्या. इतकें जमल्यास १,२५,३७५-१२-६ च्या २,४०,७२,१५० पै होतात. दंड असल्यास । च्या ४८, ॥ च्या ९६ व ॥। च्या १४४ पै धराव्या. म्हणजे १२॥ च्या २,४०० पै झाल्या.

आणखी एक सूक्ष्म स्थळ आहे. फाटलेल्या अंकाच्या जागीं कित्येक नकलकार खालची रेघ घालून ‘१_५’ असें लिहितात. पायथनच्या ३.६ या आवृत्तीपासून ‘इंट’ आज्ञा अंकांमधील अशी एकेरी रेघ केवळ विभाजक समजते व १५ हें उत्तर देते. शंभरांवरील रक्कम अशा रीतीनें पंधरावर येते आणि चुकीची सूचनाहि मिळत नाहीं. म्हणून ही रेघ असलेली ओळ आज्ञेकडे जाण्यापूर्वींच बाजूस काढावी. उलट, शून्याच्या (०) जागीं लाघवचिन्ह (॰) टंकिलें गेल्यास आज्ञा थांबते व दोष आपोआप उघड होतो.

वरील कसोट्यांस न उतरणारी ओळ यंत्राकडून दुरुस्त करवूं नये; तिची वेगळी यादी करून ती मूळ कागदाशीं ताडावी. पूर्णांकाच्या शेजारीं मूळ ओळ, तिच्या सर्व चिन्हांसह, कायम ठेवावी. शेवटीं आपली बेरीज लेखकानें कागदाच्या अखेरीस मांडलेल्या बेरजेशीं पडताळावी. दोन्ही न जुळल्यास चूक त्याची, नकलकाराची कीं आपल्या आज्ञेची, हें ठरविण्यास ती मूळ ओळच साक्षीस राहते.