आठवड्याचे वीस तास

अमेरिकी विद्यापीठातल्या जेवणघरात संध्याकाळी काउंटरमागे बघा: केसांवर जाळी, हातांत मोजे, पुढे ताटं घेऊन उभी असलेली रांग. वाढणाऱ्यांत पुण्या-नागपूरहून एमएस करायला गेलेली मुलंमुलीही असतात.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रापासून कॅम्पसवर काम करता येतं. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. ग्रंथालयात सकाळी १२ तास आणि जेवणघरात रात्री १० तास केले, तर बेरीज २२ होते आणि नियम मोडतो. त्यात व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो, म्हणून तासांचा हिशेब स्वतः ठेवावा. कॅम्पसबाहेरची नोकरी पहिल्या शैक्षणिक वर्षात बंदच.

सरकारचा वेगळा परवाना लागत नाही, कागदपत्रं मात्र लागतात. आधी नोकरी पक्की करायची, मग तिथलं आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करायचा. आय-९ फॉर्मही भरायचा.

पैसे किती? देशपातळीवरचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरच आहे. अनेक राज्यांत ते बरंच जास्त आहे. त्यात किराणा, फोनचं बिल सुटतं, फी नाही. फीचा भार हलका करते ती टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप, कारण तिच्यासोबत अनेकदा फीमाफी मिळते.

जाहिरातीत ‘फेडरल वर्क-स्टडी’ दिसलं, तर अर्जात वेळ घालवू नये. ती योजना एफ-१ विद्यार्थ्यांसाठी नाही.