ओल, कातडी आणि आपोआप धुणारं यंत्र

आयसीयूत बेशुद्ध असलेल्या रुग्णाला अँटिबायोटिक आणि नळीतून जाणारं पातळ अन्न यांमुळे जुलाब लागणं नेहमीचंच. त्याला ते सांगता येत नाही. सिस्टरला किंवा मावशींना कळेपर्यंत जो वेळ जातो, त्यात कातडीचं नुकसान होतं.

निरोगी कातडी किंचित आम्ल असते. पीएच पाचच्या आसपास. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात आणि हे आम्लपण जातं. मग विष्ठेतली प्रथिनं व चरबी पचवणारी विकरं जोर धरतात आणि आतड्यातलं काम मांडीवर सुरू करतात. पातळ शौचात ती जास्त असतात. आधी लाली, मग सालटं, वर बुरशी.

आपोआप धुणारं यंत्र शौच झाल्यापासून ते साफ होईपर्यंतचा हा मधला वेळ कमी करतं. जपान, दक्षिण कोरियात बनणाऱ्या अशा यंत्रात मांड्यांमध्ये मऊ कडांचा कप बसवतात. लघवी किंवा शौच झाल्याचं सेन्सरला कळलं की पंप मळ टाकीत ओढतो, कोमट पाण्याने जागा धुतली जाते आणि उबदार हवेने वाळवली जाते. हे वाळवणंच हाताने करताना घाईत राहून जातं! शिवाय धुण्यासाठी कूस वळवावी लागत नाही. वळवताच रक्तदाब कोसळणाऱ्या रुग्णाला ते फार सोयीचं.

पण कूस वळली नाही तर पाठ बघणार कोण? कपाच्या कडाही रुततात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं यंत्र आल्यावरही सुटत नाही.

जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तशा मोठ्या ठिकाणी या यंत्राचा विचार जरूर व्हावा. जिल्ह्यातल्याच भोकरदन-मंठ्याकडच्या घरात मात्र, जिथे उन्हाळ्यात पाणी टँकरचं आणि विजेचा भरवसा नाही, तिथे मी त्यावर पैसे घालायला सांगणार नाही. डायपर वरचेवर उघडून बघावा. वडीचा साबण अल्कधर्मी, तो टाळावा. डेटॉल तर नकोच. कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून घ्यावं आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा.

पण प्रत्येक लाली ओलीमुळेच येते असं नाही. माकडहाडावरची लाली बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल, तर ती बहुधा दाबाची जखम, म्हणजे बेडसोरची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही. तिथे हात लावून गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का, ते पाहावं.