काठोकाठ भरलेलं धरण पक्ष्यांच्या सोयीचं नसतं

पाऊस चांगला झाला, भीमेवरचं उजनी धरण शंभर टक्के भरलं, म्हणजे यंदा त्याच्या काठच्या भिगवणला रोहित पक्षी मुबलक, असा हिशेब दरवर्षी मांडला जातो. हिशेब उलटा आहे.

गैरसमज : पाणी जितकं जास्त, तितके पक्षी जास्त.

वस्तुस्थिती : पाणकावळ्यासारखे बुडी मारणारे सोडले, तर बरेच पाणपक्षी उभे राहून जेवतात. किती खोल पाण्यात उतरायचं हे त्यांचे पाय ठरवतात. टिलवा ओल्या चिखलावर टिपतो, लांब पायांचा शेकाट्या थोडा आत जातो. रोहित त्याहून पुढे जाऊन, चोच उलटी बुडवून गाळातल्या अळ्या आणि बारीक कवचधारी जीव गाळून घेतो. भीमेचं पाणी तुडुंब असताना काठाला अशी उथळ पट्टी फारशी नसतेच. पाणी थेट बाभळींत आणि शेतांच्या कडेला भिडलेलं असतं. आवर्तनं सुटत जातात, पाणी मागे सरतं, कुंभारगाव-डिकसळकडे चिखल उघडा पडतो, तेव्हा कुठे पंगत बसते.

गैरसमज : उजनी ‘मायनस’मध्ये गेली म्हणजे धरण आटलं.

वस्तुस्थिती : ती टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणजे शून्य टक्क्यांनाही निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असतं. पण 2024च्या उन्हाळ्यासारखी पातळी उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेली, की गोष्ट बदलते. काठचा गाळ वाळून भेगाळतो, त्यात चोच शिरत नाही. उरल्या डबक्यांत मासे कोंडतात. बगळ्यांची आणि चित्रबलाकांची काही दिवस चैन होते, मग तीही संपते.

गैरसमज : पाणी वर-खाली होणं पाणथळीला घातकच.

वस्तुस्थिती : चढउतार हवाच. उघड्या गाळाला हवा लागते, बी रुजतं. पुढच्या पावसात तोच झाडोरा बुडून कुजतो आणि कीटकांचं, मत्स्यबीजाचं खाद्य होतो. घात होतो तो अवेळी आणि झपाट्याने झालेल्या बदलाने. नदी सुरय ऐन उन्हाळ्यात नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर, नुसत्या खळग्यात अंडी घालते. पिल्लं बाहेर यायला जवळपास तीन आठवडे लागतात. मध्येच वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि पातळी हातभर चढली, तरी अख्खी वसाहत वाहून जाते. पाणी भराभर उतरलं तरी सुटका नाही : बेट काठाला जुळतं आणि भटकी कुत्री, कोल्हे पायी चालत अंड्यांपर्यंत पोहोचतात.

यात पाणी उतरल्यावर उघड्या गाळात पेरणी म्हणजे गाळपेर करणाऱ्या किंवा मोटारीसाठी पात्रात चर खोदणाऱ्या शेतकऱ्याला आरोपी करणं मला पटत नाही. धरण बांधलंच आहे शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. मात्र विणीच्या दिवसांत तेवढंच पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडता येईल का, हा प्रश्न आवर्तन ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीपुढे मांडता येतो. पक्षिमित्रांनी तो मांडावा.

आणि भिगवणला जाणाऱ्यांनी निघण्याआधी पावसाचे आकडे न बघता धरणाची त्या दिवशीची पातळी बघावी. तिथे पोहोचल्यावर फोटोसाठी होडी थव्यात घालायला नावाड्याला सांगू नये.